नागपूरचा कूलर, डोंबिवलीचा घाम

"बाप्पा, ताई! नागपुरात ४२ होतं, पण अंग कोरडं होतं. इथं मोबाइल ३४च दाखवून राहिला आणि मी कल्याण ते डोंबिवली रिक्षात अर्धी विरघळली."

विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी परतलेल्या वहिनींनी संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवर संत्रा बर्फीचा डबा ठेवला आणि तक्रार नोंदवली. त्यांची सोसायटी आणि आमची सोसायटी यांच्यामध्ये ही कमरेएवढी भिंत. कागदोपत्री ती हद्द आहे. एरवी तिचा उपयोग डबे ठेवायला, कोपर टेकायला आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांबद्दल बोलायला होतो. बाजूच्या तिसऱ्या इमारतीच्या आवारात एक जांभूळ होतं, त्याची निम्मी सावली आमच्याकडे पडायची. ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, जांभूळही गेलं. आता तिथे हिरवी जाळी आणि सिमेंटची धूळ. त्यामुळे आमची सभा हल्ली पाचऐवजी साडेसहाला भरते.

तेवढ्यात काकू प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या. काकू महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होत्या. निवृत्त झाल्या, पण गल्लीतल्या कोणाशीही बोलताना आधी त्याचे डोळे नि नखं बघायची सवय काही गेली नाही.

"विरघळणारच," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे सावलीतल्या दोरीवरचा पंचा किती वेळात वाळतो?"

"अर्धा तास. कडक होतो पापडासारखा."

"आणि इथे? दुपार झाली तरी हाताला दमट लागतो. घामाचंही तसंच. घाम नुसता येऊन भागत नाही, तो अंगावरून उडून जायला हवा. उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. इथल्या हवेत आधीच खाडीचं, समुद्राचं पाणी भरलेलं. घाम उडणार कुठे? ओघळतो, ब्लाउज भिजवतो, घामोळं आणतो, आणि आतली उष्णता आतच."

वहिनींना हे वेगळं सांगायला नको होतं. त्यांचा कूलर अख्ख्या गल्लीला माहीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तो माहेरहून ट्रान्सपोर्टनं आला होता, भला मोठा, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्या लावलेला. दारं-खिडक्या लावून सुरू केला. तासाभरात खोलीत वाफ कोंडली, मिठाच्या बरणीला पाणी सुटलं, डब्यातले पापड सादळले आणि सासूबाईंचे गुडघे धरले. कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं म्हणून तिथे कूलर खोली थंड करतो. आपल्याकडे तो खोलीत फक्त ओल वाढवतो. माठाचंही थोडं तेच आहे. नागपूरचं माठाचं पाणी दाताला लागतं, डोंबिवलीतलं घशाला जेमतेम बरं वाटतं. तो कूलर आता जिन्याखाली आहे, त्यात रद्दी असते.

"म्हणजे तिकडे जास्त अंशात मी बरी आणि इथं कमी अंशात भाजून राहिली, असं?"

"असंच!" हे वरून आलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून नाना. नाना रेल्वेत होते, पण त्यांचा खरा जीव हवामानात. सभेला ते कधी खाली उतरत नाहीत. आकाशवाणी वरूनच होते. "अमेरिकेच्या हवामान खात्याचं कोष्टक आहे, अंश आणि आर्द्रता एकत्र धरणारं. ३४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर शरीराला ते ४२सारखं. तुमच्या नागपूरचे ४४ अंश आणि आर्द्रता १० टक्के घ्या, तर साधारण ४१! आणि हे सावलीतलं बरं का. थेट उन्हात आणखी ८ अंशांपर्यंत चढतं."

वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतकी वर्षं त्या आम्हाला ४७चे किस्से सांगून गप्प बसवत आल्या होत्या. २०१३च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ झालं होतं, तेव्हा त्या माहेरीच होत्या, आणि ते त्या एखाद्या पदकासारखं सांगतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला की त्यांना फोनवरून भावाचे आकडे येतात, आणि ते भिंतीवरून आमच्यापर्यंत पोचतात.

"पण म्हणून नागपूरला हसायचं नाही," काकूंनी लगेच बजावलं. "४७ अंशांत माणूस मरतो. कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतही नाही आणि अंगातलं पाणी संपून जातं. मी एवढंच म्हणते, आकडा बघून 'हॅः, ३५ तर आहे' म्हणायचं नाही. आपला उकाडा आकड्यात दिसत नाही."

नाना म्हणाले, आपल्या हवामान खात्यालाही हे कळतं. मैदानी मुलुखात पारा ४०पर्यंत गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारच करत नाहीत. किनाऱ्यावर मात्र ३७ पुरे, सोबत तो सरासरीहून साडेचार अंश वर हवा. आणि टीव्हीवर मुंबईचं म्हणून जे सांगतात ते कुलाबा नाहीतर सांताक्रूझचं. १६ एप्रिल २०२४ला सांताक्रूझला ३९.७ होतं. डोंबिवली, कल्याण, बदलापूरचे आकडे येतात ते बहुतेक हौशी निरीक्षकांच्या यंत्रांवरचे, आणि ते सहसा चढेच असतात.

"का चढे?" मी विचारलं. नानांना असा प्रश्न विचारला की काय होतं ते ठाऊक असूनही विचारलं.

"खारा वारा! दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तो कुलाब्याला आधी मिळतो, मग सांताक्रूझला. ठाण्याच्या वाटेत येऊरचे डोंगर. आपल्यापर्यंत यायला त्याला उशीर. आणि ज्या दिवशी पूर्वेकडून, घाटावरून जोराचा वारा असतो, त्या दिवशी तो खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतो. घाटावरची हवा खाली उतरताना दाबली जाते, आणखी तापते. मलंगगडाकडून सकाळी नऊलाच गरम झुळूक आली की समजायचं, आज तीन वाजेपर्यंत सुटका नाही."

हे मात्र मी पडताळून पाहिलं आहे. मलंगगड सकाळी स्वच्छ, अगदी सुळके मोजता येतील असा दिसला आणि पूर्वेच्या खिडकीतून वारा आला, की त्या दिवशी लोकलमधून उतरणाऱ्या माणसांच्या शर्टांवर मिठाचे पांढरे नकाशे असतात.

"बरं, ते जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "मी नव्हती तेव्हा तुमच्याकडे ॲम्ब्युलन्स आली होती म्हणे?"

अखेर मुद्द्यावर आल्या. मी खुर्ची ओढली.

मंगळवारी दुपारी अडीचची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलानं ऑनलाइन मागवला होता 'मिनी एसी'. टेबलावर ठेवायचा, पाणी भरायचा. (वहिनी इथे मोठ्यानं हसल्या. तो कूलरच होता हो, फक्त टिफिनएवढा.) तो घेऊन कुरिअरचा मुलगा आला. लिफ्ट बंद. पाठीवर ती काळी पेटी, डोक्यात हेल्मेट, जाडजूड बंद गळ्याचा टीशर्ट. दोन मजले चढला, उतरला आणि खालच्या पायरीवर बसला. वॉचमननं विचारलं, "काय रे, पाणी हवं का?" तर म्हणतो, "ओटीपी सांगा." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच, "ओटीपी सांगा." वॉचमनला वाटलं चेष्टा करतोय. मग तो तिरका झाला.

पाच मिनिटांत निम्मी सोसायटी जमा. प्रत्येकाकडे उपाय. एकीनं कांदा फोडून नाकाशी धरला. एकानं चप्पल हुंगवायला काढली, ती फिट आल्यावरची अंधश्रद्धा आहे हे त्याच्या गावीही नाही. पेनड्राइव्ह दुरुस्त करणारे तळमजल्याचे काका म्हणे क्रोसिन द्या. आणि सगळ्यांचा एकच घोष, पाणी पाजा, पाणी पाजा.

"आणि त्याला घाम येत होता," काकू म्हणाल्या. "म्हणून सगळे म्हणत होते, घाम येतोय ना, मग ऊन लागलेलं नाही. हे कोणी पसरवलंय देव जाणे. म्हाताऱ्या माणसाचं अंग कोरडं पडतं, खरं. पण धावपळ करणाऱ्या तरुण पोराला ऊन लागलं तरी घामाच्या धारा चालूच असू शकतात. बघायचं ते डोकं. बोलतोय का नीट? नाव सांगतोय का? अंग तापलंय आणि बोलणं बरळल्यासारखं झालंय, म्हणजे उष्माघात. तिथे मग थांबायचं नाही."

काकूंनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आधी सगळ्यांना मागे ढकललं. एकाला १०८ लावायला सांगितलं. मुलाला पार्किंगच्या सावलीत, फरशीवर आडवं केलं, हेल्मेट, बूट, मोजे काढले, टीशर्ट कात्रीनं कापला. (आत्ता कुठे वहिनींनी बर्फीचा तुकडा खाली ठेवला.) नळाला पाइप होता, त्यानं अंग भिजवलं. वॉचमनच्या केबिनमध्ये फॅन नव्हता, म्हणून माझा टेबलफॅन एक्स्टेंशन लावून आणला. भिजलेल्या अंगावर वारा, कारण नुसतं भिजवून आपल्या हवेत भागत नाही, वारा हवाच. आणि मग काकू माझ्यावर ओरडल्या, "फ्रीझरमध्ये काय आहे?" मटार होते. अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या, एकेका काखेत. शेजारणीची बर्फाची ट्रे फडक्यात बांधून मानेला, दुसरी जांघेत. थर्मामीटर १०४च्या पुढे होता. पाणी मात्र एक थेंब तोंडात जाऊ दिलं नाही.

"नीट शुद्धीत नसलेल्या माणसाला पाणी पाजलं की ते फुप्फुसात," काकू म्हणाल्या. "आणि ती क्रोसिन तापाची. ताप म्हणजे शरीरानं आपणहून वाढवलेली उष्णता. ही बाहेरून कोंडलेली. तिच्यावर त्या गोळीचा काही उपयोग नाही. यात औषध एकच, गार करणं, आणि तेही गाडी यायच्या आधी. गाडीची वाट बघत उभं राहिलात तर हातचा माणूस जातो."

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मुलगा स्वतःचं नाव सांगत होता आणि रडत होता, कारण त्याची आणखी अकरा पार्सलं राहिली होती. पुढे सलाइन वगैरे झालं, बरा झाला. परवा हेल्मेट न्यायला आला तेव्हा काकूंनी त्याला अर्धा तास बसवून ठेवलं. मटार मात्र कोणी खायला तयार नाही.

"पण कांद्याला नावं ठेवू नका हं," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे खिशात कांदा टाकल्याशिवाय कोणी बाहेर नाही पडत."

"कांदा खा. पन्ह्यात घाल, कोशिंबीर कर," काकू म्हणाल्या. "खिशातल्या कांद्यानं फार तर लोकलमध्ये बसायला जागा मिळेल."

मग निघाला तो दुसऱ्या मजल्याचा विषय. तोच मिनी एसीवाला मुलगा त्या गडबडीत कोपऱ्यावरच्या दुकानातून टेट्रापॅक घेऊन आला होता, ओआरएस म्हणून. काकूंनी नंतर त्याला पाठीमागचं बारीक छापलेलं मोठ्यानं वाचायला लावलं. साखरेचं सरबत होतं, दुसरं काही नाही. वर्षानुवर्षं असं गोड पाणी नावात ओआरएस घालून विकलं गेलं. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ, डॉ. शिवरंजनी संतोष, आठ वर्षं त्यामागे लागल्या होत्या. शेवटी ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसेल तर ओआरएस हे नाव लावायचं नाही. दुकानातला जुना माल कधी संपतो ते दुकानदार जाणे.

"पुडी घ्यायची, पुडी," काकू म्हणाल्या. "आणि मोठी पुडी पूर्ण एक लिटरला. लोक पेल्यात टाकतात, मग खारट लागतं म्हणून ओतून देतात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा हं, डाव नव्हे."

या विषयावर काकू थोड्या हळव्या होतात. त्या शिकत होत्या तेव्हा त्यांच्या ट्यूटरनी बनगावच्या छावणीची गोष्ट सांगितली होती. १९७१, बांगलादेशचे निर्वासित, पटकीची साथ, सलाइनच्या बाटल्या संपलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं, पाजत राहा म्हणून. मृत्यू कितीतरी कमी झाले. २०२२मध्ये ते गेले आणि पद्मविभूषण त्यांना त्यानंतर मिळालं. "जिवंतपणी द्यायला काय झालं होतं?" हा काकूंचा सवाल. त्याला भिंतीच्या दोन्ही बाजूंना उत्तर नाही.

"मग रोज तेच पिऊ का?" वहिनींनी विचारलं.

"कशाला? जुलाब नाहीत, उन्हात राबणं नाही, तर साधं पाणी, ताक, पन्हं, कोकम पुरे. आणि ज्यांना ब्लडप्रेशर आहे त्यांनी उन्हाळा आला म्हणून मिठाचा मारा करू नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळंसुद्धा डॉक्टरांना विचारून, त्यात पोटॅशियम भरपूर. नाना, तुमची ती लघवीची गोळी चालू आहे ना? उन्हाळ्यात तिचा डोस तोच ठेवायचा का, ते विचारलंत?"

वरून एकदम शांतता. नाना हवामानावर कितीही बोलतील, स्वतःच्या गोळीचा विषय आला की त्यांना आतून कुणीतरी हाक मारतं.

"तहान लागली की पिईन म्हणतात," नानी आतून बोलल्या. "दिवसभरात दोन तांबे होत नाहीत."

"वय झालं की तहानेची घंटा वाजत नाही," काकू वर बघून म्हणाल्या. "घड्याळ लावून प्यायचं. लघवी पिवळीजर्द झाली की समजायचं, उशीर झाला."

नानांना मे महिन्याचा एक जुना डागही आहे. २० मे २०२४, लोकसभेचं मतदान. ठाणे, कल्याण, भिवंडी सगळीकडे एकाच दिवशी, आणि रांगा सरकता सरकेनात. नाना छत्री घेऊन उभे राहिले. नानी दोनदा बोलवायला गेल्या. रांग सोडली तर नंबर जाईल म्हणून ते हलेनात. शेवटी मत देऊन आले आणि सोफ्यावर आडवे झाले ते रात्रीपर्यंत. कल्याण मतदारसंघात त्या दिवशी मतदान जेमतेम निम्मं झालं. त्यावर वर्तमानपत्रांनी मतदारांना भरपूर उपदेश केला. भर उन्हात रांग लावणाऱ्यांना कोणी केला की नाही, ते काही वाचनात आलं नाही.

रांगेवरून खारघर निघणारच होतं. आमच्या गल्लीतून तिकडे बस गेली होती. १६ एप्रिल २०२३, रविवार, अप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्र भूषण. लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी. माणसं आदल्या रात्रीपासून येऊन बसलेली, शिस्तीत, जागेवरून न उठता. व्यासपीठावर सावली होती, मैदानावर ऊन होतं. जवळच्या केंद्रात पारा ३८च्या आसपास. चौदा माणसं गेली.

"३८," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे ३८ला लोक म्हणतात, आज बरं आहे."

यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. गल्लीतल्या एक बाई त्या दिवशी तिथे होत्या. त्यांनी काकूंना सांगितलं होतं, उठावंसं वाटत होतं, पण शेजारची उठली नाही, तिच्या शेजारची उठली नाही. मला हे सगळ्यात भयंकर वाटतं. पाणी नव्हतं, सावली नव्हती, हे तर आहेच. पण उठून चालू लागायची परवानगी माणसं कुणाकडे तरी मागत बसतात. त्यानंतर सरकारनं दुपारी १२ ते ५ उघड्यावर सरकारी कार्यक्रम नकोत असं जाहीर केलं. बारा ते पाच उन्हात राहायचं नाही हे सांगायला चौदा माणसं लागली.

नाना गोळीच्या विषयातून सावरून परत आले होते. त्यांनी अहमदाबादचं काढलं. २०१०च्या मे महिन्यात तिथे पारा ४६.८वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३मध्ये तिथल्या महापालिकेनं उष्णतेचा कृती आराखडा केला. इशारा कधी द्यायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, पाणी कुठे ठेवायचं, सगळं ठरवून. ठाणे महापालिकेनंही २०२४मध्ये दिल्लीच्या एका संस्थेला बरोबर घेऊन असा आराखडा आणला.

"आराखडा तलावपाळीवर बसून वाचायला छान," काकू म्हणाल्या. "आमच्या वॉचमनच्या केबिनपर्यंत कधी यायचा तो?"

ही केबिन म्हणजे गेटजवळचा पत्र्याचा डबा. पश्चिमेकडे तोंड. दुपारी तीनला पत्र्याला हात लावून दाखवा. त्यात हा माणूस पूर्ण गणवेशात, टोपीसकट, बारा तास. कुरिअरच्या मुलाचं प्रकरण झाल्यावर काकूंनी सोसायटीच्या सभेत विषय मांडला. केबिनला पंखा, वर शेडनेट, माठ, आणि दुपारी बारा ते चार खुर्ची पार्किंगच्या सावलीत. सेक्रेटरी म्हणाले, पंखा दिला तर झोपेल. काकू म्हणाल्या, न दिला तर कायमचा झोपेल, निवडा. तिसऱ्या मजल्याच्या बाई म्हणाल्या, विजेचं बिल कॉमन मीटरवर का. या त्याच, ज्यांच्या एसीचं पाणी काकूंच्या तुळशीवर पडतं आणि ज्यांच्या एसीची गरम हवा रात्रभर काकूंच्या खिडकीशी वळते.

"त्यांची रात्र गार होते ती आमच्या खोलीत उष्णता टाकून," काकू म्हणाल्या. "आणि रात्र फार महत्त्वाची बरं. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री उसंत हवी. आपली काँक्रीटची भिंत रात्री बारापर्यंत तापलेलीच. सलग चार-पाच रात्री झोप नाही मिळाली की वयस्कर माणूस पाचव्या दुपारी साध्या कारणानं पडतो, आणि घरचे म्हणतात, आज तर एवढं ऊनही नव्हतं."

गच्चीच्या लगेच खालच्या घरांचं तर विचारूच नका. आमच्या इमारतीवर गळतीसाठी पत्र्याची शेड आहे, त्यामुळे स्लॅबवर थेट ऊन तरी पडत नाही. वहिनींच्या इमारतीवर नाही. त्यांनी गेल्या वर्षी गच्चीला चुना लावून घेतला, पांढराफेक, आणि वरच्या मजल्याच्या आजी म्हणतात, रात्री पंख्याचा वारा वारा वाटतो.

शेवटी सभेत पंखा पास झाला. माठही. शेडनेटवर मात्र 'पुढील सभेत विचार'.

आणि आमच्या घरकामाच्या मावशी? त्या दिव्याहून येतात. पत्र्याचं घर. पूर्वी माझ्याकडे दुपारी एकला यायच्या, दोनच्या उन्हात स्टेशन गाठायच्या. आता सकाळी सातला येतात, दहाला मोकळ्या. वहिनींनी त्याच मावशींना आपल्याकडे साडेआठची वेळ दिली. दुसऱ्या मजल्याच्या बाई तेवढ्या अडून बसल्या आहेत, कारण त्या नऊपर्यंत उठत नाहीत. मावशी म्हणाल्या, "उन्हाचं मी बघते, पण तुमच्या स्वयंपाकघरात पंखा नाही, तो लावा आधी. गॅससमोर जीव जातो." हे मला इतक्या उन्हाळ्यांत सुचलं नव्हतं. भिंतीवरचा छोटा पंखा लावून घेतला. ज्योतीवर वारा येऊ नये म्हणून तिरका.

"एवढं सगळं सांगितलंत," वहिनी काकूंना म्हणाल्या, "आणि तुमच्याच नातीचं लग्न मे महिन्यात, दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी, लॉनवर ठेवलंत ना?"

बर्फी काकूंच्या घशात अडकली असावी.

कल्याण-शीळ रस्त्यावरचं लॉन. वर कापडी मंडप, बाजूंना भपकेबाज पडदे म्हणजे वारा अडवलेला, मधे होम, दुसऱ्या टोकाला जिलेबीची कढई. नवरदेवाला शेरवानी, नवरीला पैठणी, शालू, शेला आणि अंगभर दागिने. ऐंशीच्या घरातल्या तीन आज्या पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर, पंख्यापासून सगळ्यात लांब. पाहुण्यांना उसाचा रस, त्यात बर्फ कुठला ते विचारायचं नाही. २०१८पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम आहे, पण रसाच्या पेल्यात निळं शोधत कोण बसतं?

"मी नाही ठरवलं. मुलाकडचे. ठाण्याचे आहेत," काकू म्हणाल्या.

"आमच्याकडे उन्हाळ्यातली लग्नं संध्याकाळी लावतात. गोरज मुहूर्त. गुरुजींना विचारा, देतात काढून."

"गुरुजींनी दिलाय काढून. ६ वाजून ५२. पण व्याही म्हणतात, संध्याकाळचं भाडं जास्त, आणि त्यांच्या पाहुण्यांना परतीची लोकल."

"फोन लावा," वहिनी म्हणाल्या.

काकूंनी लावला, आणि स्पीकरवर. भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही श्वास धरून. व्याही आधी प्रकृतीवर बोलले, मग हॉलवाल्यावर, मग आपल्या आईवर, जिला उन्हाचा त्रास आहे. तिथे काकूंनी बरोबर पकडलं. "आईंसाठीच म्हणतेय मी. सिस्टर होते हो, उन्हातली माणसं बघितलीयत." पलीकडे कुजबुज झाली. मग अट आली. गोरज चालेल, पण भाड्यातला फरक मुलीकडच्यांनी भरावा.

काकूंनी एक क्षणही घेतला नाही. "भरते. पण मग मानपानाच्या साड्या सुती. तुमच्याकडच्याही आणि आमच्याकडच्याही. आणि तीनही आज्या पंख्याखाली."

पलीकडून व्याह्यांनी विचारलं, सुती म्हणजे नक्की किती रुपयांपर्यंतची.